जव्हारच्या दोन जिल्हा परिषद शाळांना जूनपूर्वी शालेय साहित्य द्यायचंय: काय, किती, कसं?

रानजाई

नमस्कार मंडळी,

आम्ही नऊ जणांचा गट आहे. सहा पुण्यात, एक नाशकात, दोघं परदेशात (एकाकडे भारतीय पासपोर्ट, दुसऱ्याकडे ओसीआय कार्ड, म्हणजे तो मूळचा भारतीय पण आता परदेशी नागरिक). जव्हार तालुक्यातल्या (पालघर जिल्हा) दोन जिल्हा परिषद शाळांना नव्या शैक्षणिक वर्षासाठी साहित्य द्यायचं ठरलंय. एक शाळा पहिली ते चौथी, दोन शिक्षक. दुसरी पहिली ते आठवी. दोन्ही शाळांची यंदाची पटसंख्या मिळून अशी (पुढच्या वर्षीही अंदाजे एवढीच धरलीय): पहिली 20, दुसरी 21, तिसरी 22, चौथी 22, पाचवी 16, सहावी 17, सातवी 15, आठवी 16. एकूण 149. लहान शाळेत त्यातली 31 मुलं, मोठ्या शाळेत 118. जमलेली रक्कम 75,000 रुपये.

गटातला पहिला विचार असा होता की प्रत्येक मुलाला एक दप्तर, सहा वह्या आणि एक कंपासपेटी द्यायची आणि शाळा उघडेल त्या दिवशी जाऊन वाटप करायचं. पण दोघातिघांचं म्हणणं पडलं की असं सरसकट देऊन उपयोग होत नाही, आधी नीट विचारावं. म्हणून इथे विचारतोय:

मुलांना सरकारकडून आधीच काय मिळतं, म्हणजे आम्ही तेच पुन्हा देणार नाही? वह्या कुठल्या आखणीच्या आणि किती? शिक्षकांना स्वतःला काय लागतं, जे ते बोलून दाखवत नाहीत? कागदपत्रं, पावती, 80जी (देणगीवरची आयकर वजावट) यांचं काय? आणि परदेशातल्या मित्रांचे पैसे घेता येतात का?

अजून शाळा चालू आहेत, निकाल लागायचा आहे. हातात दीड महिना आहे.

---

खडूफळा

रानजाई, दीड महिना पुरेसा आहे, फक्त निकालाचा दिवस हातचा घालवू नका. मे महिन्यात शाळा बंद, शिक्षक आपापल्या गावी. जूनमध्ये उघडल्यावर पट, प्रवेश, पुस्तकवाटप यांतच पहिले आठ दिवस जातात. तेव्हा मुख्याध्यापकांशी बसून यादी करायची ती आत्ताच.

आधी सरकारचं काय येतं ते. जिल्हा परिषदेच्या शाळेत पहिली ते आठवीच्या सगळ्यांना बालभारतीची पाठ्यपुस्तकं मोफत मिळतात. गणवेश मिळतात, आणि 2025-26पासून त्यांची खरेदी पुन्हा शाळा व्यवस्थापन समितीकडे आली आहे. बूट-पायमोज्यांसाठीही विद्यार्थ्यामागे 170 रुपयांची तरतूद आहे. म्हणजे पुस्तकं, गणवेश, बूट यांवर तुमचा पैसा घालू नका. गणवेश उशिरा आला तरी येतो. तुम्ही वेगळ्या छटेचं कापड नेऊन दिलंत तर एकाच वर्गात दोन रंग दिसतात, आणि मग मुलं ते घालत नाहीत.

मधे दोन वर्षं पुस्तकांतच लिहायला कोरी पानं जोडलेली होती. 2023-24ला ती पद्धत आली आणि 2025-26पासून बंद झाली. त्यामुळे वहीची गरज पुन्हा पूर्वीएवढी झाली आहे. हे लक्षात घ्या, कारण त्या दोन वर्षांत वह्या दिलेल्या लोकांच्या जुन्या याद्या अजून फिरतात आणि त्यांतले आकडे कमी आहेत.

माझं मुख्य सांगणं एकच: सगळ्या वह्या जूनमध्ये देऊ नका. पहिली ते पाचवीला वर्षाला किमान 200 दिवस शाळा भरते. मुलाने एका विषयाला रोज एकच पान लिहिलं तरी 100 पानी वही दिवाळीच्या सुमारास संपते. जूनमध्ये देणारे खूप येतात. नोव्हेंबरात कोणी येत नाही. त्या काळात वर्गात गेलात तर गणिताच्या वहीच्या मागच्या बाजूने मराठी सुरू झालेलं दिसेल, समासातही लिहिलेलं असेल. वही संपली हे मूल घरी सांगत नाही, आणि सांगितलं तरी त्या दिवसांत घरात रोकड नसते. निम्मे पैसे दुसऱ्या फेरीसाठी बाजूला ठेवा.

---

एकरेघी

वह्यांचा हिशोब मी मांडतो. आखणीत सगळ्यात जास्त चुका होतात. दुकानदार "शाळेसाठी" म्हटलं की सरसकट एकरेघी बांधून देतो आणि पहिलीतलं मूल एका रेघेवर अक्षर कुठून सुरू करायचं ते शोधत बसतं.

पहिली-दुसरीला (41 मुलं): मराठीला दुरेघी, इंग्रजीला चाररेघी, गणिताला चौकटी. तीन वह्या, सगळ्या 100 पानी. 200 पानी वही लहान मुलाला देऊ नये. ती जड होते, कोपरे दुमडतात आणि निम्मी भरायच्या आत पुठ्ठा सुटतो.

तिसरी-चौथी (44 मुलं): मराठी एकरेघी, इंग्रजी चाररेघी, गणित चौकटी, परिसर अभ्यास एकरेघी. चार वह्या, 100 पानी.

पाचवी (16 मुलं): मराठी, हिंदी, गणित, परिसर अभ्यासाचे दोन भाग, अशा पाच एकरेघी आणि इंग्रजीची एक चाररेघी. सहा वह्या, 100 पानी.

सहावी ते आठवी (48 मुलं): मराठी, हिंदी, इंग्रजी, गणित, विज्ञान, इतिहास-नागरिकशास्त्र, भूगोल. सात वह्या, एकरेघी, 200 पानी.

एकत्र केलं तर जूनच्या फेरीला 100 पानी वह्यांत दुरेघी 41, चाररेघी 101, चौकटी 85, एकरेघी 168 लागतात, आणि 200 पानी एकरेघी 336. त्यावर दहा टक्के जास्त धरा, कारण जूनमध्ये नवे प्रवेश येतात आणि पहिल्याच पावसात काही वह्या भिजतात. डझनात मागायचं तर: दुरेघी 4, चाररेघी 10, चौकटी 8, एकरेघी 16 आणि 200 पानी 31 डझन. एकूण 69 डझन, म्हणजे 828 वह्या. शिक्षकांना मात्र आखणी एकदा विचारून घ्या. काही जण पहिलीला मराठीसाठीही चौकटी वापरतात, काही तिसरीतच इंग्रजी दुरेघीवर आणतात. त्यांच्या वर्गात त्यांचं चालावं.

दुसऱ्या फेरीला पहिली ते पाचवीचा हिशोब तसाच ठेवा. सहावी ते आठवीला मराठी, इंग्रजी, गणित या तीनच विषयांच्या नव्या वह्या पुरतात, बाकी 200 पानी वही वर्षभर जाते.

खरेदी करताना चार गोष्टी हातात घेऊन बघा. एक, "200 पानी" हे बाजारातलं नाव आहे. आत पृष्ठं त्याहून कमी असतात, मागच्या पुठ्ठ्यावर बारीक अक्षरात आकडा छापलेला असतो. दोन दुकानांचे भाव ताडून बघताना तो आकडा धरा. दोन, शेवटच्या पानावर शाईच्या पेनने दोन ओळी लिहून पान उलटा. मागे उमटलं तर मूल एकाच बाजूला लिहिणार आणि वही अर्ध्यात संपणार. 54 जीएसएमपेक्षा (कागदाच्या जाडीचं माप) पातळ कागद घेऊ नका, 58-60 मिळाला तर उत्तम. तीन, 200 पानी वहीला मधे नुसत्या दोन पिना असतील तर मधली पानं महिन्याभरात निघतात. शिवलेल्या बांधणीची घ्या. 100 पानीला पिना चालतात. चार, चाररेघी वहीतल्या मधल्या दोन रेघांचं अंतर बघा. ते फार अरुंद असेल तर पहिलीच्या मुलाचा हात तिथे बसत नाही.

22 सप्टेंबर 2025पासून वह्या, पेन्सिली, खोडरबर, शार्पनर, क्रेयॉन यांवरचा जीएसटी शून्य झाला आहे. कंपासपेटीवर 5 टक्के आहे. कोटेशन मागताना हे धरूनच भाव मागा आणि पक्कं बिल घ्या.

पुण्यातले आहात तर अप्पा बळवंत चौक, मुंबईहून कोणी जाणार असेल तर अब्दुल रहमान स्ट्रीट. पण तुमचा एक जण नाशकात आहे ना? मग नाशकातच घाऊक खरेदी करा. त्र्यंबक-मोखाडामार्गे जव्हार सरळ पडतं आणि पुण्याहून खोकी नेण्याचं भाडं वाचतं.

---

सातमाळा

विदर्भात कोणी हा धागा वाचून असंच काही करणार असेल तर त्यांच्यासाठी: तिकडे उन्हामुळे शाळा जूनच्या दुसऱ्या पंधरवड्यात किंवा त्याहून थोड्या उशिरा उघडतात. 15 जूनला गाडी घेऊन जाऊ नका, आधी तारीख विचारा.

दप्तराबद्दल माझं मत ठाम आहे: सरसकट देऊ नका. निकालाच्या दिवशी वर्गशिक्षकांना विचारा की कुणाचं दप्तर खरंच फाटलंय. बऱ्याच दप्तरांची फक्त चेन गेलेली असते किंवा पट्टा उसवलेला असतो. जव्हारच्या बाजारात दप्तरं दुरुस्त करणाऱ्याकडे एकगठ्ठा दिली तर नव्या दप्तराच्या थोड्याशा किमतीत काम होतं आणि दप्तर आणखी वर्षभर चालतं. जी नवी घ्याल त्यांचा खांद्याचा पट्टा जिथे वरच्या बाजूला जोडलेला असतो तिथली शिवण बघा. चौकोन आणि आत फुली, अशी दुहेरी शिवण हवी. एकच सरळ टाका असेल तर तो पट्टा श्रावणापर्यंत टिकत नाही. 2020च्या दप्तर धोरणाप्रमाणे दप्तराचं वजन मुलाच्या वजनाच्या दहा टक्क्यांच्या आत हवं, पहिली-दुसरीला 1.6 ते 2.2 किलो. रिकामं दप्तरच पाऊण किलोचं असेल तर भरून काय होणार ते उघड आहे. मोठ्या कप्प्यांचं, चित्रांचं, फोमचं दप्तर टाळा.

त्या भागात दप्तरापेक्षा पावसाचं बघा. मुलं पाड्यावरून चालत येतात. वह्या भिजतात त्या दप्तराच्या तळाकडून, कारण ओलं दप्तर शेणाने सारवलेल्या किंवा मातीच्या जमिनीवर ठेवलं जातं. प्रत्येक दप्तराला आतून एक जाड पॉलिथिनची पिशवी द्या, वह्या-पुस्तकं त्यात राहतील. स्वस्त उपाय आहे आणि त्याने भिजून वाया जाणाऱ्या वह्या वाचतात. रेनकोट द्यायचाच तर टोपीसकट गुडघ्याखाली येणारा, एक माप मोठा. छत्री लहान मुलांच्या हातून वाऱ्यात उलटते.

पावसाळी सँडल द्यायचा विचार झालाच तर माप वयावरून घेऊ नका. भिंतीला टाच टेकवून मुलाला कागदावर उभं करायचं, वजन दोन्ही पायांवर. पेन्सिल उभी धरून अंगठ्यासमोर खूण करायची. दोन्ही पावलं मोजायची, त्यांत फरक असतो, मोठं माप धरायचं. सेंटिमीटरमधे लिहायचं आणि एक सेंटिमीटर वाढवायचा. पेन्सिल तिरकी धरली की अर्धा सेंटिमीटर इकडेतिकडे होतो आणि बरोबर तेवढ्यानेच सँडल चावतं. कागदावर मुलाच्या नावाऐवजी हजेरीचा क्रमांक लिहा.

---

तिसरा तास

शिक्षकांना काय लागतं, हा प्रश्न विचारल्याबद्दल आधी आभार. फार कमी देणारे हे विचारतात. शिक्षक स्वतःसाठी मागत नाहीत, आणि वर्ग चालवायला जे लागतं ते "स्वतःसाठी"च समजलं जातं.

समग्र शिक्षा या सरकारी योजनेतून शाळेला पटावर संयुक्त शाळा अनुदान असतं. निकषाप्रमाणे 30 पर्यंत पट असेल तर 10,000, 31 ते 100 असेल तर 25,000, 101 ते 250 असेल तर 50,000 रुपये. यातून वीजबिल, किरकोळ दुरुस्ती, नोंदवह्या, आणि किमान दहा टक्के स्वच्छतेवर. तुमची लहान शाळा बरोबर 31 वर आहे. एक मूल कमी झालं तर ती खालच्या टप्प्यात जाते. शिवाय ही रक्कम जूनमध्ये शाळेच्या हातात असेलच असं नाही. खडू, कार्डशीट, झेरॉक्स, प्रिंटरची शाई हे सगळं मात्र जूनपासूनच लागतं. मधला काळ शिक्षक खिशातून भागवतात.

तेव्हा वर्गासाठी वेगळी पेटी करा, मुलांच्या यादीत ती मिसळू नका. दोन्ही शाळांत पहिली ते चौथीची 85 मुलं आहेत. प्रत्येकाला आठवड्याला एक पाठपोट छापलेली कार्यपत्रिका द्यायची म्हटलं तर 35 आठवड्यांत 2,975 कागद, म्हणजे सहा रिम. शाळेत प्रिंटर आहे का, कुठल्या मॉडेलचा, हे विचारून त्याचीच शाई घ्या. शाईच्या बाटल्यांचे आणि कार्टरिजचे क्रमांक जुळले नाहीत तर ते साहित्य कपाटात वाळून जातं. प्रिंटर नसेल तर जव्हारमधल्या झेरॉक्सवाल्याकडे शाळेच्या नावाने आगाऊ पैसे ठेवा आणि पावतीवर किती प्रती ते लिहून घ्या.

बाकी यादी: धूळ कमी उडणारे पांढरे खडू आणि थोडे रंगीत, डस्टर, रंगीत कार्डशीट, जाड टोकाची स्केचपेनं, फेव्हिकॉलचा एक किलोचा डबा (लहान ट्यूब महाग पडतात आणि सुकतात), दोन मोठ्या कात्र्या, मुलांसाठी बोथट टोकाच्या दहा-बारा कात्र्या, स्टेपलर आणि त्याच्याच क्रमांकाच्या पिना, ए-4 लॅमिनेशन पाऊच. लॅमिनेशन केलेली शब्दपट्टी तीन वर्षं चालते, नुसती कार्डशीट तिथल्या दमट हवेत एका पावसाळ्यात वाकते आणि तिच्यावर बुरशी येते.

आता पेन्सिली. मुलाच्या हातात एकदम दहा देऊ नका. जूनमध्ये दोन द्या, बाकी वर्गातल्या डब्यात. 85 मुलांना महिन्याला साधारण दोन लागतात, म्हणजे 170. डबा शिक्षकांकडे असला की पेन्सिल नाही म्हणून मूल नुसतं बसून राहत नाही. साधी एचबी घ्या, पण आतलं शिसं लाकडाला नीट चिकटलेलं हवं. स्वस्त पेन्सिल एकदा फरशीवर पडली की शिसं आतल्या आत तुकडे होतं आणि कितीही टोक केलं तरी गळून पडतं. पाकिटातली एक काढून टोक करून बघा: शिसं मधोमध आहे का, की एका बाजूला सरकलंय? सरकलेलं असेल तर शार्पनर एका बाजूचं लाकूड तसंच ठेवतो. शार्पनरही तसेच, पातं बोथट असलं की तो पेन्सिल खातो. प्रत्येक वर्गाला टेबलाला लावायचा हाताने फिरवायचा एक मोठा शार्पनर द्या, त्याने सगळ्यांचं काम होतं.

पहिलीला पाट्या हव्यात का, तेही विचारा. अजून बऱ्याच शाळांत पाटी वापरतात आणि अक्षर गिरवायला ती वहीपेक्षा बरी, चुकलं तर पुसता येतं. पण दगडी पाटी फुटते, म्हणून पत्र्याची किंवा प्लास्टिकच्या चौकटीची घ्या. पाटीवरच्या पेन्सिली मुलं खातात, त्या शिक्षकांच्या ताब्यात राहू द्या.

कंपासपेटी पाचवीपासून पुढे, म्हणजे 64. त्याखालच्या वर्गांना ती फक्त पेन्सिल ठेवायच्या कामाची. पेटी उघडून कर्कटकाचा स्क्रू आवळून एक वर्तुळ काढा. सुरुवात आणि शेवट जुळले नाहीत तर त्या कर्कटकाने आठवीची भूमिती होत नाही. कोनमापकावरचे आकडे कोरलेले घ्या, नुसते छापलेले चार महिन्यांत पुसतात.

आणि एक काम मे महिन्यातच करता येईल: फळा. फळा गुळगुळीत झाला की खडू घसरतो, मागच्या बाकावर अक्षर दिसत नाही, आणि शिक्षक दाबून लिहितात म्हणून खडू दुप्पट लागतो. 120 नंबरच्या पॉलिश पेपरने आधी घासायचा, धूळ ओल्या फडक्याने पुसून वाळवायची, मग फळ्याच्या रंगाचे दोन हात. पहिला हात पूर्ण वाळल्यावरच दुसरा. दुसरा वाळायला किमान एक दिवस, शक्य तर दोन. त्यानंतर लगेच लिहायचं नाही. खडू आडवा धरून सगळा फळा पांढरा करायचा आणि कोरड्या डस्टरने पुसायचा. हे केलं नाही तर पहिल्या दिवशी लिहिलेलं "सुस्वागतम्" वर्षभर फिकट दिसत राहतं. ऑइल पेंट चुकूनही लावू नका, त्यावर खडू उमटत नाही आणि चकाकी येते. 75,000 मधला हा सगळ्यात लहान खर्च असेल आणि दोन्ही शाळांतल्या प्रत्येक मुलाला तो रोज उपयोगी पडेल.

---

खडूफळा

तिसरा तास यांनी फळ्याचं फार नेमकं लिहिलंय. मी कागदपत्रांचं सांगतो.

मुख्याध्यापकांच्या नावे एक पत्र द्या: आम्ही अमुक साहित्य देऊ इच्छितो, सोबत यादी. शाळा व्यवस्थापन समितीच्या सभेत ते ठेवून स्वीकारण्याचा ठराव घ्यायला सांगा. समितीत तीन चतुर्थांश पालक असतात, त्यामुळे काय आलं हे गावाला आपोआप कळतं आणि शिक्षकांवर कुणी बोट ठेवत नाही. केंद्रप्रमुखांच्या कानावर मुख्याध्यापक घालतील, ते त्यांचं त्यांना करू द्या. साहित्य पोचलं की साठा नोंदवहीत नोंद आणि तुम्हाला शाळेच्या शिक्क्याची पोच. पोचेवर शाळेचा 11 अंकी यूडायस क्रमांक (सरकारी नोंदीतली शाळेची ओळख) लिहून घ्या. रोख रक्कम शिक्षकांच्या हातात किंवा त्यांच्या वैयक्तिक खात्यावर देऊ नका. कितीही विश्वास असला तरी अडचणीत तेच येतात. केंद्र सरकारच्या विद्यांजली पोर्टलवर शाळा नोंदलेली असेल तर तिथे तिची मागणी आधीच टाकलेली सापडू शकते, बघून घ्या.

80जी: वस्तूंच्या रूपात दिलेल्या देणगीवर वजावट मिळत नाही. रोख दिलेत तर 2,000 रुपयांपर्यंतच. ज्यांना वजावट हवी त्यांनी 80जी असलेल्या नोंदणीकृत न्यासाला बँकेतून पैसे द्यावेत आणि न्यासाने खरेदी करावी. नव्या कररचनेत असाल तर तसाही फायदा नाही, मग सरळ खरेदी करून मोकळे व्हा.

परदेशातल्या मित्रांबद्दल: भारतीय पासपोर्ट असलेल्याने त्याच्या बँकखात्यातून दिलेले पैसे परकीय देणगी ठरत नाहीत. ओसीआय कार्डधारक मात्र परदेशी नागरिक असतो, त्याचे पैसे एफसीआरएमध्ये, म्हणजे परकीय देणग्यांच्या कायद्यात येतात. एफसीआरए नोंदणी नसलेल्या न्यासाने ते घ्यायचे नाहीत. त्या मित्राला पैशांऐवजी दुसरं काम द्या, खाली एक सांगतो.

ते काम म्हणजे आठवीची 16 मुलं. त्यांच्याकडे कुणाचं लक्ष जात नाही. मोफत पुस्तकं आठवीपर्यंतच. जूनमध्ये ही मुलं नववीला दुसऱ्या हायस्कूलला जातील आणि तिथे पुस्तकांचा पूर्ण संच विकत घ्यावा लागेल. गळती होते ती इथे. नववी आत्ता संपवलेल्या मुलांकडून वापरलेले 16 संच एप्रिल-मेमध्येच गोळा करा. प्रत्येक पुस्तकाची आवृत्ती चालू आहे का ते ई-बालभारतीवरच्या पीडीएफशी ताडून बघा, पानं पूर्ण आहेत का मोजा, पेन्सिलीच्या खुणा खोडा, पुठ्ठा घाला. कुठलं पुस्तक कमी पडतंय, कुठलं बदललंय याचा तक्ता करणं हे घरबसल्या होणारं काम आहे. तुमच्या ओसीआय मित्राला ते देता येईल.

---

सातमाळा

एक राहिलं. जव्हार-मोखाड्यातली बरीच कुटुंबं दिवाळीनंतर भिवंडी, वसई, कल्याणकडे वीटभट्ट्यांवर जातात. मुलंही जातात. दुसऱ्या फेरीच्या वह्या नोव्हेंबरअखेर नेल्यात तर ज्यांना सगळ्यात जास्त गरज ती मुलंच शाळेत नसतील. दुसरी फेरी दिवाळीच्या सुट्टीआधी पोचवा. जाणाऱ्या मुलांसाठी वेगळी लहान पाकिटं करा: दोन वह्या, चार पेन्सिली, खोडरबर, शार्पनर, एक गोष्टीचं चित्रमय पुस्तक, सगळं चेनच्या प्लास्टिक पिशवीत. शाळा त्यांना शिक्षण हमी कार्ड देते, ते याच पिशवीत ठेवायला शिक्षकांना सांगा. भट्टीजवळच्या शाळेत त्या कार्डावर प्रवेश मिळतो, आणि पालकांकडे सुटं दिलेलं कार्ड मुक्काम हलवताना हरवतं.

---

रानजाई

सगळ्यांचे मनापासून आभार. गटात हा धागा फिरवला आणि यादी पुरती बदलली. सरसकट दप्तरं रद्द. जूनसाठी 69 डझन वह्या, वर्गपेट्या, 64 कंपासपेट्या, 149 पॉलिथिन पिशव्या, दोन्ही शाळांचे फळे. दुसरी फेरी दिवाळीच्या सुट्टीआधी, पाकिटांसकट. नववीचे 16 संच ओसीआय मित्र आणि त्याची पुण्यातली बहीण मिळून बघतायत.

दोन शंका. दुसऱ्या फेरीच्या वह्या आत्ताच एकत्र घेतल्या तर भाव कमी पडेल असं दुकानदार म्हणतोय. घेऊन शाळेत ठेवाव्यात का? आणि वाटपाच्या दिवशी आम्ही जावं का? गटातल्या काहींना फोटो हवे आहेत, कारण पैसे देणाऱ्यांना दाखवायचंय.

---

तिसरा तास

शाळेत ठेवू नका. जून ते सप्टेंबर त्या हवेत कागद दमटतो, पुठ्ठे वाकतात, आणि लोखंडी कपाट नसेल तर वाळवी आणि उंदीर आहेतच. भाव आत्ता ठरवून घ्या, थोडी आगाऊ रक्कम द्या, माल ऑक्टोबरात उचला. दुकानदार तयार नसेल तर नाशकातल्या मित्राच्या घरी कोरड्या खोलीत, जमिनीपासून वर, फळीवर.

जूनचा माल नेताना वर्गवार खोकी करा. प्रत्येक खोक्याला आतून प्लास्टिक, बाहेर जाड अक्षरात शाळा, इयत्ता आणि आतल्या वह्यांची आखणी व संख्या. शिक्षकांना सगळी खोकी फोडून 828 वह्या पुन्हा वेगळ्या करत बसावं लागू नये.

जायला हरकत नाही, पण वाटप शिक्षकांच्या हातून, वर्गात, हजेरी घेतल्यावर होऊ द्या. एकेका मुलाला पुढे बोलावून हातात वही देतानाचा फोटो काढू नका. त्या मुलाला ते पुढे कित्येक वर्षं लक्षात राहतं. देणाऱ्यांना दाखवायला शिक्क्याची पोच, बिलं, रंगवलेला फळा आणि लेबल लावलेली खोकी यांचे फोटो पुरतील. शिक्षकांची परवानगी असेल तर सप्टेंबरात एखाद्या भरलेल्या वहीच्या पानाचा फोटो मागा, नाव झाकून.

---

एकरेघी

खोक्यांवर आखणी लिहाल तेव्हा चाररेघी आणि चौकटीची खोकी वेगवेगळ्या रंगाच्या पट्टीने बांधा. वरून दोन्हींचे पुठ्ठे सारखेच दिसतात.

आणि रानजाई, तुमच्या यादीत पाचवी ते आठवीची पेनं राहिलीत. 64 मुलांना तीन-तीन निळी बॉलपेनं धरा, 192, म्हणजे 16 डझन. जेल पेन घेऊ नका, ओल्या हवेत पानावर पसरतं.